औद्योगिक अपघात आणि उद्योगाचा न मोजलेला खर्च : मुंबईच्या कापड गिरण्यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

१. प्रस्तावना

कारखान्यातील अपघाताचा विचार आपल्याकडे सामान्यतः दोन अंगांनी केला जातो. पहिले अंग मानवतेचे आहे. कामगाराचा हात गेला, डोळा गेला, प्राण गेला, त्याचे कुटुंब उघड्यावर पडले, हे दुःख त्यात येते. दुसरे अंग कायद्याचे आहे. नुकसानभरपाई किती, ती कोणी द्यावयाची आणि विमा उतरविलेला होता की नाही, हे प्रश्न त्यात येतात. ही दोन्ही अंगे महत्त्वाची आहेत, यात शंका नाही. परंतु या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रश्न उरतो आणि त्याकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. अपघातामुळे खुद्द उद्योगाचे काय नुकसान होते? भरपाईची रक्कम किंवा विम्याचा हप्ता चुकता केला म्हणजे उद्योगाच्या बाजूने तो अपघात संपतो काय?

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार मुंबईच्या कापड गिरण्यांच्या संदर्भात केला आहे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या गिरणीतून १८५६ मध्ये उत्पादन सुरू झाले. पुढील सात दशकांत ऐंशीच्या आसपास गिरण्या आणि सुमारे दीड लाख कामगार असा या उद्योगाचा विस्तार झाला. महाराष्ट्राच्या आधुनिक सामाजिक इतिहासात गिरणगावाचे स्थान मोठे आहे. तेथील संप, चळवळी, चाळी आणि खानावळी यांवर विपुल लेखन झाले आहे. मात्र यंत्राने जखमी झालेला कामगार आणि त्या जखमेचा गिरणीच्या अर्थकारणाशी असलेला संबंध हा विषय बहुधा कामगार कायद्यांच्या यादीतील एखाद्या परिच्छेदापुरता उरतो.

या निबंधाचे मुख्य प्रतिपादन असे आहे की, अपघाताचा खरा खर्च भरपाईपेक्षा व विमाहप्त्यापेक्षा नेहमीच मोठा होता. परंतु गिरणीची कामगारभरती, वेतनपद्धती आणि दंडपद्धती यांची रचनाच अशी होती की त्या खर्चाचा मोठा भाग कामगाराच्या आणि त्याच्या गावाकडील कुटुंबाच्या माथी पडे, व उरलेला भाग हिशेबाच्या वहीत वेगळ्याच नावाने नोंदला जाई. तो खर्च दिसत नव्हता याचा अर्थ तो नव्हता असा होत नाही.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

(१) १८८१ ते १९४८ या काळातील कारखानाविषयक व भरपाईविषयक कायद्यांतून अपघाताच्या खर्चाची कल्पना कशी घडत गेली याचा आढावा घेणे.
(२) भरपाई व विमा यांच्या पलीकडील खर्चाचे स्वरूप स्पष्ट करणे.
(३) मुंबईच्या गिरण्यांमध्ये हा खर्च अदृश्य राहण्याची कारणे शोधणे.
(४) या इतिहासाचा आजच्या उद्योगांसाठी असलेला अर्थ मांडणे.

अभ्यासासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. कायद्यांतील तरतुदी, कामगारांचे निवेदन आणि गिरण्यांच्या कामगारभरतीविषयी उपलब्ध असलेली माहिती हा विवेचनाचा आधार आहे.

३. १८८१ चा कायदा आणि १८८४ चे निवेदन

भारतातील पहिला कारखाना कायदा १८८१ मध्ये झाला. त्यापूर्वी १८७५ मध्ये मुंबई सरकारने एक आयोग नेमला होता आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी कारखान्यांच्या नियमनासाठी प्रयत्न केले होते. १८८१ चा कायदा शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या व यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांना लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास त्याने बंदी केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांपर्यंत मर्यादित केले आणि धोकादायक यंत्रांभोवती कठडे घालण्याची तरतूद केली. प्रौढ कामगाराच्या कामाच्या तासांबाबत मात्र कायदा मूक होता. जखमी कामगाराच्या उपजीविकेचा तर त्यात उल्लेखच नव्हता.

या कायद्याकडे तत्कालीन गिरणीमालक आणि राष्ट्रीय वृत्तीची अनेक वृत्तपत्रे संशयाने पाहत होती. लँकेशायरच्या कारखानदारांनी मुंबईच्या वाढत्या स्पर्धेला आळा घालण्यासाठी हा घाट घातला आहे, असा त्यांचा आक्षेप होता. या आक्षेपात तथ्याचा अंश होता. परंतु त्यामुळे एक गोष्ट घडली. सुरक्षिततेवरील खर्च म्हणजे उद्योगावर बाहेरून लादलेला बोजा, ही समजूत अगदी प्रारंभीच दृढ झाली. कठडा बसविणे हा खर्च मानला गेला. कठडा नसल्यामुळे होणारे नुकसान खर्चात धरलेच गेले नाही.

या पार्श्वभूमीवर रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांच्या कार्याचे महत्त्व लक्षात येते. महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक असलेल्या लोखंडे यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन कारखाना आयोगापुढे ठेवण्यात आले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाचे मर्यादित तास आणि वेळेवर पगार या त्यातील मागण्या सुपरिचित आहेत. पाचवी मागणी मात्र सहसा विस्मरणात जाते. काम करीत असताना गंभीर दुखापत होऊन कामगार काही काळ निकामी झाला, तर बरा होईपर्यंत त्यास पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अपंग झाला, तर त्याच्या उपजीविकेची योग्य तरतूद व्हावी, अशी ती मागणी होती.

ही मागणी केवळ दयेची याचना नव्हती. तिच्यात एक आर्थिक विचार अनुस्यूत होता. काम करताना झालेली दुखापत हा त्या कामाचाच खर्च आहे, आणि म्हणून तो त्या कामातून नफा मिळविणाऱ्या उद्योगाने सोसला पाहिजे, असा तो विचार होय. साप्ताहिक सुट्टीची मागणी जून १८९० मध्ये गिरणीमालक संघाने मान्य केली. या पाचव्या मागणीला कायद्याचे अपुरे रूप येण्यास मात्र चाळीस वर्षे जावी लागली.

४. १९२३ चा भरपाई कायदा : अवयवांचे दरपत्रक

१९२३ पूर्वी जखमी कामगारास न्यायालयाचे दार अगदीच बंद होते असे नाही. १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याने मृताच्या वारसांना दावा करण्याचा अधिकार दिला होता. परंतु मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी दावेदारावर होती. शिवाय इंग्लंडमध्ये १८३७ च्या प्रीस्टली विरुद्ध फाउलर या खटल्यापासून रूढ झालेले तत्त्व मालकाच्या मदतीला येत असे. सहकाऱ्याच्या चुकीने अपघात झाल्यास मालक जबाबदार नाही, असे ते तत्त्व होते. रत्नागिरी किंवा साताऱ्याहून आलेल्या निरक्षर कामगाराच्या विधवेने असा दावा लढविणे जवळजवळ अशक्य होते.

कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ मध्ये संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. मालकाचा दोष सिद्ध न करताही भरपाई मिळू शकते, हे त्याने प्रथमच मान्य केले. मृत्यू झाल्यास तीस महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, आणि कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती देय होती. अंशतः अपंगत्वासाठी एक अनुसूची जोडलेली होती. उजवा हात कोपरापासून वर गेल्यास ७० टक्के, तोच डावा असल्यास ६० टक्के, एक डोळा गेल्यास ३० टक्के, अंगठा २५ टक्के, तर्जनी १० टक्के आणि अन्य कोणतेही बोट ५ टक्के, असे कमाईच्या क्षमतेतील घटीचे प्रमाण तिने ठरवून दिले.

उदाहरणादाखल दरमहा तीस रुपये मिळविणाऱ्या कामगाराचा विचार करू. त्याच्या पूर्ण अपंगत्वाची भरपाई १,२६० रुपये होते. यंत्रात सापडून त्याची करंगळी गेली, तर पाच टक्क्यांप्रमाणे ६३ रुपये मिळणार. डोळा गेला तर ३७८ रुपये. या दरपत्रकाने कामगाराला प्रथमच काही हक्क दिला, हे निर्विवाद आहे. त्याच वेळी त्याने मालकाच्या मनात एक समीकरणही पक्के केले. करंगळीच्या अपघाताची किंमत ६३ रुपये, असे ते समीकरण होते. मालक या जोखमीचा विमा उतरवू लागले. गिरणीमालकांनी परस्पर तत्त्वावर विम्याची सोयही केली. अपघाताचे रूपांतर अशा रीतीने विमाहप्त्यात झाले, आणि हप्ता हा दिवाबत्तीप्रमाणे नेहमीचा, ठरलेला खर्च होऊन बसला.

येथे नोंदींच्या स्वरूपाचाही विचार आवश्यक आहे. ज्या दुखापतीमुळे कामगार ४८ तासांहून अधिक काळ कामावर येऊ शकत नाही, तीच दुखापत कारखाना निरीक्षकास कळविण्याजोगी मानली जाई. दुसरीकडे, मूळ कायद्यानुसार पहिल्या दहा दिवसांच्या असमर्थतेसाठी भरपाई देय नव्हती. १९३३ च्या दुरुस्तीने हा काळ सात दिवसांवर आला. याचा अर्थ असा की, दोन दिवसांच्या आत कामावर परतलेल्या कामगाराची जखम ना आकडेवारीत येई ना भरपाईत. आणि चार-आठ दिवसांचा खाडा पाडणारी जखम आकडेवारीत आली तरी भरपाईच्या हिशेबात येत नसे. इतिहासकाराला आज उपलब्ध असलेली अपघातांची आकडेवारी वाचताना ही गाळणी सतत ध्यानात ठेवावी लागते. किरकोळ दुखापती संख्येने नेहमीच अधिक असतात. गिरणीच्या दैनंदिन कामात व्यत्यय आणणाऱ्या अपघातांपैकी फार मोठा भाग अशा प्रकारे कागदावर उतरलाच नाही.

५. विमा कंपनीतून आलेला इशारा

विमाहप्ता म्हणजेच अपघाताचा खर्च, या समजुतीला पहिला मोठा धक्का अमेरिकेतील एका विमा कंपनीतूनच मिळावा, हा इतिहासातील एक लक्षणीय योगायोग आहे. ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीत काम करणाऱ्या एच. डब्ल्यू. हाइनरिख यांनी १९२० च्या दशकात अपघातांच्या प्रकरणांचा अभ्यास केला आणि १९३१ मध्ये औद्योगिक अपघात प्रतिबंधावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. भरपाई व वैद्यकीय मदत यांवर एक रुपया खर्च झाला, तर उद्योगाचे अप्रत्यक्ष नुकसान सुमारे चार रुपयांचे असते, अशा आशयाचे प्रमाण त्यांनी मांडले.

या अप्रत्यक्ष खर्चात त्यांनी कोणत्या गोष्टी धरल्या हे प्रमाणाच्या आकड्यापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. जखमी कामगाराचा वाया गेलेला वेळ. त्याच्या मदतीला किंवा केवळ पाहण्यासाठी धावलेल्या सहकाऱ्यांचा वेळ. चौकशी, नोंद व नव्या माणसाची व्यवस्था करण्यात गेलेला मुकादम-अधिकाऱ्यांचा वेळ. यंत्राची व कच्च्या मालाची नासाडी. उत्पादन खंडित झाल्याने लांबलेली मागणी. कामावर परतलेल्या कामगाराची कमी झालेली कार्यक्षमता. यंत्र बंद असतानाही चालू राहणारा भाडे, वाफ, व्याज इत्यादींचा खर्च. आणि अपघातानंतर उरलेल्यांच्या मनात निर्माण होणारी भीती व अस्वस्थता, असे घटक त्या यादीत येतात.

हाइनरिख यांच्या एकास चार या प्रमाणावर पुढील काळात बरीच टीका झाली. सर्व उद्योगांना आणि सर्व प्रकारच्या अपघातांना एकच प्रमाण लावता येणार नाही, हा आक्षेप योग्यच आहे. १९५० च्या दशकात सायमंड्स व ग्रिमाल्डी यांनी 'प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष' या विभागणीऐवजी 'विमा असलेला' व 'विमा नसलेला' खर्च अशी अधिक नेमकी विभागणी सुचविली. तथापि, विमा उतरविल्याने खर्चाचा एक भागच झाकला जातो, हा मूळ मुद्दा या टीकेने बाधित होत नाही. प्रस्तुत अभ्यासात हाइनरिख यांचा आकडा न स्वीकारता केवळ त्यांची यादी एक भिंग म्हणून वापरली आहे. या भिंगातून मुंबईच्या गिरणीकडे पाहिल्यास काय दिसते, ते पुढे मांडले आहे.

६. हा खर्च गिरणीच्या वहीत का दिसला नाही?

गिरणीतील धोके सर्वज्ञात होते. छतालगतच्या फिरत्या धुऱ्यावरून प्रत्येक यंत्रापर्यंत येणारे चामड्याचे पट्टे, पिंजण व कार्डिंग खात्यांतील दातेरी फिरते भाग, चालू यंत्रांच्या सांध्यांत तेल घालणारा तेलवाला, साचेखात्यात मागावरून निसटून उडणारा धोटा, या सर्वांतून बोटापासून डोळ्यापर्यंतच्या दुखापती संभवत असत. असे असूनही अपघाताचा अप्रत्यक्ष खर्च मालकाला जाणवला नाही. याची चार कारणे सांगता येतात.

पहिले कारण बदली कामगारांची पद्धती हे होय. रोज पहाटे भोंगा होताच कामाच्या आशेने अनेक बदली कामगार गिरणीच्या दाराशी जमत. गैरहजर कामगाराच्या जागी जॉबर त्यांतून माणूस निवडी. आजारपण, गावची सुगी, लग्नकार्य आणि यंत्राची जखम या सर्वांमुळे रिकामी झालेली जागा एकाच रीतीने भरली जात असे. त्यामुळे अपघाताने झालेला खाडा आणि इतर खाडे यांतील फरकच पुसला गेला. प्रत्यक्षात अनोळखी यंत्रावर उभा राहिलेला बदली कामगार तेवढे व तसे काम देऊ शकत नव्हता. धागे अधिक तुटत, कापडात दोष राहत. परंतु हे नुकसान 'अपघात' या सदरात न जाता 'कामगारांची अकार्यक्षमता' या सदरात जाई. मुंबईचा कामगार अकार्यक्षम व अस्थिर आहे, ही मालकवर्गाची नेहमीची तक्रार होती. त्या अकार्यक्षमतेचा काही अंश गिरणीनेच निर्माण केला होता, ही शक्यता त्या तक्रारीत दिसत नाही. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली नियंत्रण योजना आणली, तेव्हा दाराशी जमणारी ही अनिश्चित गर्दी उद्योगालाही परवडणारी नाही, याची एक प्रकारे कबुलीच मिळाली.

दुसरे कारण वेतनपद्धतीत आहे. साचेवाल्यांचे वेतन कामाच्या परिमाणावर अवलंबून असे. माग बंद पडला की विणकराची कमाई थांबे. गिरणीच्या पगारपत्रकात त्यामुळे वाढ होत नसे, उलट काही रक्कम वाचल्यासारखी दिसे. इमारत, वाफ, भांडवलावरील व्याज आणि देखरेखीचा पगार हे सर्व मात्र बंद मागामागेही चालूच असे. या पद्धतीचा आणखी एक परिणाम होता. यंत्र थांबविणे म्हणजे स्वतःची कमाई थांबविणे, म्हणून चालू यंत्रातच हात घालून कचरा काढण्याचा मोह होई. १९२३ च्या कायद्याने कामगाराने हेतुपुरस्सर नियमभंग केल्यास किंवा संरक्षक साधन काढल्यास भरपाई नाकारण्याची मुभा दिली होती. ज्या घाईला वेतनपद्धती प्रोत्साहन देत होती, त्याच घाईचा दोष कायद्याच्या भाषेत कामगारावर येत होता.

तिसरे कारण दंडपद्धतीत आहे. सदोष कापड विणकराच्याच गळ्यात बांधून त्याची किंमत पगारातून कापून घेण्याची प्रथा मुंबईच्या गिरण्यांत होती. जखमी कामगाराच्या जागी आलेल्या नवख्या माणसाने कापड बिघडविले, तर त्याचा भुर्दंड त्या नवख्या माणसावर पडे. हाइनरिख यांच्या यादीतील मालाची नासाडी हा घटक अशा रीतीने उद्योगाच्या खर्चातून कामगाराच्या खर्चात ढकलला गेला. १९३६ च्या वेतन अदायगी कायद्याने दंड व कपातींवर मर्यादा आणल्या, तेव्हा हा मार्ग काहीसा अरुंद झाला.

चौथे आणि सर्वांत खोल कारण म्हणजे गाव. गिरणी कामगारांचा मोठा वर्ग कोकण व घाटावरील जिल्ह्यांतून आलेला होता आणि त्याचे गावाशी असलेले नाते तुटलेले नव्हते. जखमी झालेला कामगार गावी जाई. तेथे तुटपुंज्या शेतीवर, आई-वडिलांच्या व पत्नीच्या श्रमांवर तो बरा होई किंवा कायमचा थांबे. १९२९ मध्ये नेमलेल्या आणि १९३१ मध्ये अहवाल सादर केलेल्या व्हिटली आयोगाने आजारपण व अडचणीच्या काळातील आधार म्हणून गावाशी असलेल्या या संबंधाचे मोल मान्य केले होते. आर्थिक दृष्टीने याचा अर्थ स्पष्ट आहे. कोकणातील वरकस जमिनीचा तुकडा ही मुंबईच्या गिरणीची न नोंदलेली विमा कंपनीच होती, आणि तिचा हप्ता गिरणी भरत नव्हती.

७. तरीही तो खर्च होताच

हा खर्च इतरांवर ढकलता येत होता, तर तो उद्योगाचा खर्च कसा म्हणावयाचा, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. त्याचे उत्तर असे की, ढकललेला खर्च कालांतराने परत येतो. फक्त तो वेगळ्या रूपात येतो.

अनुभवी हात गमावणे हे त्याचे एक रूप होय. कापड गिरणीतील कौशल्य हे शाळेतून नव्हे, तर यंत्राशेजारी उभे राहून, वर्षानुवर्षांच्या सरावातून येत असे. डोळा किंवा बोटे गमावून गावी परतलेल्या साचेवाल्याबरोबर हे कौशल्य गिरणीबाहेर जाई. ते घडविण्यास लागलेला काळ कोणत्याच वहीत भांडवल म्हणून लिहिलेला नसल्याने त्याचे जाणेही तोटा म्हणून लिहिले गेले नाही.

विश्वासाचा ऱ्हास हे दुसरे रूप होय. १९२० च्या दशकाच्या अखेरीस गिरणीमालकांनी 'कार्यक्षमता' पद्धतीचा पुरस्कार केला. त्यानुसार विणकराने दोनऐवजी तीन माग आणि सूतखात्यातील कामगाराने एकाऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, अशी अपेक्षा होती. या योजनेला झालेला विरोध हा एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ या काळातील सार्वत्रिक संपाच्या कारणांपैकी एक होता. हा संप अपघातांसाठी झाला असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. बेकारीची भीती व पगारातील घट हीच त्याची प्रमुख कारणे होती. परंतु यंत्राच्या जोखमीचा भार आजवर आपणच वाहिला आहे, असा अनुभव असलेला कामगार अधिक यंत्रे सांभाळण्याच्या प्रस्तावाकडे विश्वासाने पाहील, अशी अपेक्षा करणे कठीण होते. सुधारणेसाठी लागणारे सहकार्य हे उद्योगाचे भांडवलच असते. माझ्या मते, ते भांडवल आटण्यात त्या आधीच्या पन्नास वर्षांतील अनुभवाचा वाटा होता.

८. राज्य विमा योजना आणि समान वर्गणी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मजूर खात्याची धुरा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे असताना प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ मध्ये कामगारांच्या आरोग्य विम्याविषयीचा अहवाल सादर केला. त्यातून पुढे कामगार राज्य विमा कायदा, १९४८ आकाराला आला. या योजनेचा प्रारंभ २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे झाला. त्याच वर्षीच्या, म्हणजे १९४८ च्या, कारखाना कायद्याने फिरत्या यंत्रांना कठडे, प्रथमोपचार आणि पाचशेहून अधिक कामगार असल्यास रुग्णवाहिका-कक्ष अशा तरतुदी केल्या. लोखंडे यांच्या पाचव्या मागणीतील आशय आता बऱ्याच अंशी कायद्यात उतरला होता.

राज्य विमा योजनेचा एक परिणाम मात्र विचार करण्यासारखा आहे. या योजनेत मालकाची वर्गणी वेतनाशी निगडित असते. ती त्या कारखान्यातील अपघातांच्या संख्येनुसार वाढत वा घटत नाही. ज्या कारखान्यात वर्षभरात एकही अपघात झाला नाही आणि ज्यात वीस झाले, त्या दोघांचाही वर्गणीचा दर एकच असतो. सामाजिक सुरक्षेच्या दृष्टीने हे योग्य आहे, कारण जोखीम सर्वांनी वाटून घेणे हेच अशा विम्याचे तत्त्व असते. परंतु यातून निघणारा निष्कर्ष उद्योजकाने ध्यानात घेतला पाहिजे. अपघात वाढल्याने त्याची वर्गणी वाढत नाही. मग अपघातामुळे त्याच्या वाट्याला प्रत्यक्षात जो खर्च वाढतो, तो जवळजवळ संपूर्णपणे विम्याबाहेरचाच असतो. म्हणजे विमा जितका सार्वत्रिक झाला, तितके विम्यापलीकडील खर्चाचे महत्त्व कमी न होता वाढले.

९. एक उत्तरकालीन कसोटी : भोपाळ

विम्यापलीकडील खर्च कोणत्या टोकाला जाऊ शकतो, याचे उदाहरण गिरण्यांबाहेर, रासायनिक उद्योगात सापडते. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू पसरला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. या दुर्घटनेची चर्चा बहुधा त्या रात्रीपासून सुरू होते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र तीन वर्षे मागे गेले पाहिजे. डिसेंबर १९८१ मध्ये त्याच कारखान्यात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा मृत्यू झाला होता. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ मध्ये आपल्या लेखांतून शहराला धोक्याची सूचना दिली होती. दुर्घटनेच्या रात्री शीतकरण यंत्रणा बंद होती आणि वायू जाळून टाकणारा मनोरा नादुरुस्त होता.

१९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. पीडितांच्या हानीशी तुलना करता ही रक्कम अत्यंत अपुरी होती. कंपनीच्या बाजूनेही प्रकरण तेथे संपले नाही. १९८५ मध्ये तिच्यावर ताबा मिळविण्याचा प्रयत्न झाला. तो परतविण्यासाठी बॅटरीसह आपले ग्राहकोपयोगी वस्तूंचे व्यवसाय तिला विकावे लागले. १९९४ मध्ये भारतीय कंपनीतील हिस्सा तिने विकला आणि २००१ मध्ये ती स्वतःच डाऊ केमिकलमध्ये विलीन झाली. एका कामगाराचा मृत्यू हा संपूर्ण व्यवस्थेतील बिघाडाची सूचना असतो. ती सूचना केवळ भरपाईचे प्रकरण म्हणून निकालात काढली, तर उद्योग आपले अस्तित्वही पणाला लावतो.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात :

(१) काम करताना झालेली दुखापत हा त्या कामाचाच खर्च आहे, हा विचार भारतात प्रथम सरकारने वा मालकांनी नव्हे, तर १८८४ च्या निवेदनाद्वारे कामगारांनी स्पष्टपणे मांडला.

(२) १९२३ च्या कायद्याने भरपाईचा हक्क दिला. परंतु अवयवांचे दरपत्रक आणि विमा यांमुळे अपघाताचा खर्च म्हणजे भरपाईची रक्कम, अशी संकुचित समजूतही रूढ झाली.

(३) बदली पद्धती, कामाच्या परिमाणावर आधारलेले वेतन, दंड आणि गावाचा आधार या चार घटकांमुळे विम्यापलीकडील खर्च गिरणीच्या हिशेबात दिसला नाही. तो अकार्यक्षमता, खाडे आणि औद्योगिक अशांतता या नावांनी प्रकट होत राहिला.

(४) समान वर्गणीच्या राज्य विमा योजनेत अपघातामुळे मालकाला सोसावा लागणारा वाढीव खर्च मुख्यतः विम्याबाहेरचाच असतो.

आज मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे थांबले आहेत. १९२३ व १९४८ च्या कायद्यांची जागा २०२० च्या श्रमसंहितांनी घेतली असून त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. परंतु भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांवर आजही धोटा फिरतो आहे. तेथील अनेक शेड इतक्या लहान असतात की विम्याचे छत्र त्यांच्यापर्यंत पोहोचणे कठीण असते. तेथे जखमी कामगाराचा भार आजही त्याच्या गावावरच पडतो, मग ते गाव कोकणात असो वा उत्तर प्रदेश-बिहारात. आपल्या महाविद्यालयांतून वाणिज्य आणि व्यवस्थापन शिकून बाहेर पडणारे विद्यार्थी अशाच उद्योगांचे हिशेब लिहिणार आहेत. ताळेबंदात जे लिहिले आहे ते वाचण्यास आपण त्यांना शिकवितोच. त्यात जे लिहिले गेलेले नाही, ते कोणाच्या खात्यावर पडले आहे, हा प्रश्न विचारण्यास त्यांना शिकविणे हे इतिहासाच्या शिक्षकाचे काम आहे.